पोरकं आमेन

रय्यिसाचे कान गेले ते वयाच्या पन्नाशीत. एकदम नाही गेले. आधी कबुतरं गेली, मग दारावरची थाप, मग प्रार्थनाघरातला गायकाचा आवाज. शेवटी कानाला तोंड लावून ओरडलं तरच काय ते पोचायचं. पाणक्या दारात उभा राहून घसा फोडायचा आणि ही आत रिकाम्या रांजणाकडे बघत त्याच्या नावाने खडे फोडायची. या सगळ्याची तिने सवय करून घेतली. एका गोष्टीची मात्र तिला सवय होईना. तिला आमेन म्हणता येईना.

आता कोणी म्हणेल, त्यात काय मोठंसं? सगळे म्हणतात तेव्हा आपणही म्हणावं. पण आम्हा रब्बानी यहुद्यांच्या गुरूंनी फार पूर्वी सांगून ठेवलंय, की आशीर्वाद कानावर न पडता म्हटलेलं आमेन पोरकं असतं, आणि असं आमेन जो म्हणेल त्याची मुलं पोरकी होतात. पंडित या वचनाचा काय लावायचा तो अर्थ लावोत. रय्यिसाने लावलेला अर्थ सरळ होता. माझ्या तोंडून असलं आमेन निघालं तर माझ्या घरातलं मूल पोरकं होणार. नवरा आधीच गेला होता. मुलगा एकुलता एक, हलफोन, जवसाच्या धाग्याचा व्यापारी, अर्धं आयुष्य समुद्रावर. तिने तोंडाला कुलूप लावलं. मिसर देशातल्या फुस्तातच्या प्रार्थनाघरात बायकांच्या सज्जात ती ओठ मिटून बसायची, आणि खालून आमेनची लाट आली की पायाखालची फळी थरथरायची तेवढीच तिच्या वाट्याला यायची.

मग हलफोनने सून आणली ती कराई.

कराई आणि रब्बानी म्हणजे एकाच बापाचे दोन मुलगे. एक म्हणतो, बापाने लिहून ठेवलं तेवढंच खरं. दुसरा म्हणतो, बाप जेवता जेवता बोलला तेही खरं, आणि ते माझ्या लक्षात आहे. या एवढ्याशा गोष्टीवरून दोघे तीनशे वर्षं भांडतायत. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागला की आमच्या घरात दिवे, त्यांच्या घरात अंधार. आम्ही महिना गणिताने धरतो, ते गच्चीवर चढून चंद्र डोळ्यांनी बघतात. त्यामुळे आमचा सण आज, तर त्यांचा कधी कधी उद्या. आणि एवढं असूनही सोयरिकी होत होत्या, कारण बाजार एक, पेठ एक, आणि तरुण पोरांचे डोळे कुठे रब्बानी-कराई बघतात!

लग्नाच्या करारात सगळं स्पष्ट लिहून घेतलं होतं. तो तिला शब्बाथच्या दिव्याजवळ बसायची सक्ती करणार नाही. ती त्याचे सण मोडणार नाही, तो तिचे मोडणार नाही. आणि घरात मेंढ्याच्या शेपटीची चरबी शिजणार नाही, कारण कराईंना ती वर्ज्य. हे शेवटचं कलम ऐकून रय्यिसाने कपाळावर हात मारून घेतला होता. शेपटीच्या चरबीशिवाय भात म्हणजे काय भात झाला?

"हिला दिवा नको, चरबी नको," ती शेजारच्या जव्हाराला म्हणाली होती. "ही सून आहे की उपास आहे?"

उपास निघाला गोड. तुर्फा बोलायची थोडं, पण बोलली की मिरची. कामाला वाघ. आणि लग्नानंतर चौथ्याच आठवड्यात ती सासूबरोबर प्रार्थनाघरात आली, सज्जात तिच्या शेजारी बसली, आणि घरी येताना तिच्या कानाला तोंड लावून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही आमेन का नाही म्हणत?"

रय्यिसाने पोरक्या आमेनचं सांगितलं. वर हेही सांगितलं, की जुन्या काळी अलेक्झांड्रियाचं प्रार्थनाघर एवढं मोठं होतं की मागे आवाज पोचायचा नाही, म्हणून एक माणूस मधोमध उभा राहून रुमाल हलवायचा, आणि रुमाल हलला की लोक आमेन म्हणायचे. ते मात्र गुरूंना चाललं. कारण कुठल्या आशीर्वादाचं आमेन चाललंय ते लोकांना ठाऊक असायचं.

तुर्फाने ऐकून घेतलं. गुरूंची गोष्ट, म्हणजे तिच्या लेखी भाकडकथा. पण पुढच्या शब्बाथला तिने सासूचा हात आपल्या हातात घेतला. "माझा हात रुमाल समजा," ती म्हणाली. "दाबला की म्हणा."

त्या दिवशी रय्यिसा कितीतरी वर्षांनी आमेन म्हणाली. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. सगळं प्रार्थनाघर मान वर करून बघायला लागलं. रय्यिसा रडत होती आणि तिचं तिला कळत नव्हतं. त्या आठवड्यापासून तिच्या भातात शेपटीची चरबी नाही याचं तिने कधी नाव काढलं नाही. करारामुळे गप्प होती ती आता मनापासून गप्प झाली.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी उन्हाळा सरता सरता हलफोन सिसिलीच्या जहाजांवर चढला, आणि मागाहून बातमी आली की वाटेत मोठं वादळ झालं. कोणाचं जहाज, कुठे, काही पत्ता नाही. हलफोन सुखरूप परत आला, हे मी आत्ताच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. पण या दोघींना ते तेव्हा कुठे ठाऊक होतं? रय्यिसाने हातातली सोन्याची बांगडी उतरवली आणि म्हणाली, "यरुशलेमला जाऊ. मांडवांच्या सणाच्या सातव्या दिवशी जैतुनाच्या डोंगरावर ही दान देऊन त्याचं नाव घ्यायला लावू. तिथून वर जवळ पडतं."

"मलाही नेताय?" तुर्फाने विचारलं.

"तुझ्याशिवाय मला आमेन कोण सांगणार?"

तुर्फालाही यरुशलेम हवंच होतं. तिच्या आईचं सगळं माहेर तिथे कराईंच्या वस्तीत होतं. गाढवांच्या तांड्याबरोबर दोघी निघाल्या, बरोबर जव्हारा होतीच. जव्हाराशिवाय फुस्तातमधून कोणी कुठे जाऊ शकत नसे. वाटेत रमल्याच्या मुक्कामी तुर्फा दोन दिवस काही खाईना. रय्यिसा म्हणाली, ऊन बाधलं. तुर्फा म्हणाली, हो, ऊनच असेल.

सातव्या दिवशी डोंगरावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. हातात वाळुंजाच्या फांद्या, महाळुंगांचा वास, पोरांची रडारड, आणि समोर दरीपलीकडे पडलेल्या मंदिराची उजाड जागा. लोक प्रदक्षिणा घालून दमले की खाली बसत. पाठशाळेचे मुख्य उंच दगडावर बसले, शेजारी पुकारा करणारा उभा राहिला आणि आशीर्वाद सुरू झाले. कुठल्या कुठल्या गावच्या मंडळींना, मग दान देणाऱ्यांना एकेकाचं नाव घेऊन. इथे क्रम पाठ नव्हता, म्हणून तुर्फा आधी सासूच्या कानाला तोंड लावून सांगायची आणि मग हात दाबायची.

"दमास्कसची मंडळी." हात. आमेन.

"तिबेरियासची मंडळी." हात. आमेन.

"आत्याबाई, हलफोन!" हात असा दाबला की हाडं करकरली. रय्यिसाने छातीतला सगळा वारा एकत्र करून आमेन म्हटलं. पुढच्या रांगेतलं एक तान्हं दचकून रडायला लागलं. आसपासच्या बायका हसल्या, कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आई आहे हो, म्हणाल्या.

त्यानंतर काहीतरी बदललं. रय्यिसाला ऐकू आलं नाही, पण दिसलं. पुरुष उभे राहिले. पुकारा करणाऱ्याने पवित्र ग्रंथाची गुंडाळी बाहेर आणवली. त्याचा चेहरा ताठ झाला. बायकांच्या घोळक्यात माना वळल्या, आणि वळल्या त्या हिच्याच बाजूला. रय्यिसाला वाटलं, मघाच्या आमेनचं कौतुक अजून चाललंय. तिने सुनेकडे बघितलं. तुर्फा समोर बघत होती. या वेळी कानाशी शब्द आला नाही. सगळ्यांची तोंडं एकदम उघडली आणि तुर्फाने हात दाबला.

रय्यिसा क्षणभर थबकली. कशाचं, ते कळलं नव्हतं. पण हात तुर्फाचा होता. त्या हाताने दोन वर्षांत एकदाही फसवलं नव्हतं.

"आमेन!" रय्यिसा म्हणाली, मघासारखंच, सगळ्यांच्या वर.

उतरताना जव्हाराने तिला गाठलं. जव्हारा बहिऱ्यांशी बोलायची तेव्हा शेजारचा डोंगरही ऐकायचा.

"धन्य आहेस बाई! घरात कराई सून असून बहिष्कारावर असं खणखणीत आमेन! मी तर म्हणत होते, ही आता गप्प बसणार, पदरात तोंड लपवणार. सगळ्या बघत होत्या तुझ्याकडे."

"कसला बहिष्कार?" रय्यिसाने विचारलं.

"अगं, दरवर्षीचा! मांस दुधाबरोबर खाणाऱ्यांवरचा. कराईंवरचा!" एवढं ओरडून झाल्यावर जव्हाराचं लक्ष मागून येणाऱ्या तुर्फाकडे गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुठेतरी जायची घाई झाली.

रय्यिसा वाटेतच एका दगडावर बसली. लोक बाजूने जात होते, फांद्या हलवत, गात, तिला काहीच ऐकू येत नव्हतं. तुर्फा येऊन समोर उभी राहिली.

"हात का दाबलास?"

तुर्फा वाकून तिच्या कानाशी आली. "सगळे म्हणत होते."

"माझ्या तोंडून माझ्याच सुनेला शाप वदवलास! माझ्या तोंडून! अगं, गप्प बसले असते मी. जीभ चावून बसले असते."

"तेच नको होतं." तुर्फाचे शब्द नेहमीसारखेच तिखट होते. "आत्ताच हलफोनचं नाव घेतलं होतं सगळ्यांसमोर. तुम्ही गप्प बसला असता तर जव्हाराबाईंनी गाझाला पोचायच्या आत अख्ख्या तांड्याला सांगितलं असतं, की सासूही बाटली. सज्जात तुमच्या शेजारी कोणी बसलं नसतं. तुम्हाला ती एकच तर जागा आहे. माझं काय, मला सवय आहे."

शेवटचे तीन शब्द रय्यिसाच्या कानात नीट शिरले. नको तेच नेमकं ऐकू येतं बहिऱ्याला. सवय आहे! म्हणजे ही पोर दोन वर्षं त्या सज्जात बसत होती, बायकांच्या माना वळत होत्या, कुजबुज होत होती, आणि ते आपल्याला कधी ऐकू आलं नाही. आपल्याला फक्त हात कळत होता. तिला सुनेची इतकी दया आली आणि स्वतःची इतकी लाज वाटली की ती तिथेच तोंडावर पदर घेऊन हमसून रडायला लागली.

"आणि तसं बघितलं तर तो बहिष्कार मला लागतच नाही," तुर्फा तिच्याशेजारी उकिडवी बसून कानात म्हणाली. "मांस दुधाबरोबर खाणाऱ्यांवर आहे ना? तुमच्या घरात आल्यापासून मी कुठे खाल्लंय? तुम्ही चरबी सोडली, मी ते सोडलं. फिटंफाट."

"चेष्टा सुचतेय तुला!" रय्यिसाने पदराने डोळे पुसले. आणि मग तिला ते आठवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तुर्फा. मला ठाऊक नव्हतं कशाचं ते. तू सांगितलं नव्हतंस. पोरकं होतं ते आमेन. घरातलं मूल पोरकं होतं त्याने! बरं तर बरं, घरात अजून मूल नाही, नाहीतर..."

तुर्फाने नजर वळवली.

"नाही ना?" रय्यिसा म्हणाली.

"आहे."

"काय?"

"मूल!" तुर्फा तिच्या कानात ओरडली. "आहे! रमल्याला कळलं! ऊन नव्हतं ते!"

वाटेने जाणारे दोन म्हातारे थांबले. त्यांनी मोठ्याने आशीर्वाद दिला आणि पुढे गेले. एखाद्या आजीला आनंदाने वेड लागलं असतं. रय्यिसाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. हलफोन समुद्रावर, मूल पोटात, आणि बाप परत यायच्या आत आजीने पोरकं आमेन म्हणून टाकलेलं.

"आत्याबाई, इकडे बघा," तुर्फाने तिचे हात डोक्यावरून काढले आणि पुन्हा कानाशी वाकली. "ते वचन तुमच्या गुरूंचं आहे. मी कराई. मी ते मानत नाही. आणि मूल माझ्या पोटात आहे, म्हणजे तेही मानत नाही."

"अर्धं हलफोनचं आहे. अर्ध्याला लागेल."

"पोटात आहे तोवर पूर्ण माझं. बाहेर आलं की मग वाटणी करू."

रय्यिसा रडता रडता हसली. हसली खरी, पण काळजातला काटा जागचा हलला नाही. त्या दिवसभर तिने अन्नाला हात लावला नाही. शब्द एकदा तोंडातून गेला की गेला, आमेन काही उसनं दिलेलं भांडं नाही परत मागायला. तो शाप मुलाला लागतो की नाही हे देव बघेल. पण तो सुनेच्या शेजारी बसून, तिचा हात हातात असताना आपण म्हटला, याचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुर्फा आईच्या माहेरच्या लोकांत निघाली. त्या वर्षी कराईंना चंद्र एक दिवस उशिरा दिसला होता. आमचा सातवा दिवस काल होऊन गेला, त्यांचा आज होता. ती डोक्यावर ओढणी घेत होती तेवढ्यात रय्यिसा सणाचे कपडे घालून समोर उभी.

"मलाही ने."

"तुमचा आज आठवा दिवस. तुमच्या प्रार्थनाघरात..."

"मला ने म्हटलं ना!"

कराईंच्या वस्तीतलं अंगण लहान होतं. बरेचसे लोक काळ्या कपड्यांत होते. मंदिर पडलं त्याचा शोक ते रोजच पाळत. तिथे रय्यिसाचा केशरी झगा म्हणजे काळ्या मेंढ्यांत मोर शिरल्यासारखा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तुर्फाच्या आईची एक म्हातारी मावशी, तोंडाचा पट्टा सैल, भिंतीला टेकून बसली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काल वर चढून शाप दिला, आज लागला का बघायला आली वाटतं?"

रय्यिसाने सुनेला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"या, बसा म्हणाल्या," तुर्फाने कानात सांगितलं.

"तोंडावरून तसं वाटत नाही," रय्यिसा म्हणाली आणि बसली, थेट त्या मावशीच्या शेजारी. अंगणात दोघीतिघींना हसू फुटलं. मावशीने नाक मुरडलं, पण जरा सरकून चटईवर जागा केली.

सगळ्यांची प्रार्थना झाली. मग त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे ज्याची त्याची सुरू झाली. तुर्फा मंदिराच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. रय्यिसाही तिच्याजवळ उभी राहिली. सवयीने तुर्फाने हात पुढे केला.

"नको," रय्यिसा म्हणाली. "आज दाबू नकोस. तू आपलं मागून घे."

तुर्फा मागायला लागली. रय्यिसा तिच्या ओठांकडे बघत राहिली. हलफोन हे नाव तिला ओठांवरून ओळखता आलं. आईला येतंच. पुढे तुर्फाचा हात पोटावर गेला, तेही कळलं. त्यापुढचं काही कळेना. भराभर चाललं होतं. ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते. काय मागत होती कोण जाणे. सासूने चरबी कायमची विसरावी असंही असेल. कालच्या बायकांना धडा मिळावा असंही असेल. गुरूंच्या सगळ्या नियमांनी बघितलं तर इथे आमेन म्हणणं म्हणजे पोरक्याहून पोरकं. न ऐकलेलं, न कळलेलं, आणि वर कराईच्या प्रार्थनेला.

तुर्फाचे ओठ क्षणभर थांबले.

"आमेन!" रय्यिसा म्हणाली. डोंगरावर म्हटलं होतं त्याहून मोठ्याने. भिंतीवरची कबुतरं उडाली. काळ्या कपड्यांतली सगळी माणसं वळून बघायला लागली. जव्हारा असती तर तिला फुस्तातपर्यंत पुरेल एवढी शिदोरी मिळाली असती. रय्यिसाने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. बघू दे म्हणाली मनात. काल तिकडच्यांनी बघितलं, आज इकडच्यांनी बघावं.

तुर्फाने डोळे उघडले. ते भरून आले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. ती कानाशी आली.

"आत्याबाई, संपलं नव्हतं अजून. मी श्वास घ्यायला थांबले होते."

"राहिलं काय होतं?"

"तुमचे कान. कान बरे होऊ देत, एवढंच मागायचं राहिलं होतं."

रय्यिसाने मान हलवली. "ते राहू दे. कान आले तर तू माझा हात कशाला धरशील?"

तुर्फाने सासूचा हात घेतला आणि गच्च दाबला. कोणी आशीर्वाद देत नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं.

"आमेन," रय्यिसा म्हणाली, आणि भिंतीजवळची ती मावशी, बहुधा सवयीनेच, तिच्यामागून आमेन म्हणाली.